मदत हवी आहे: गव्हातलं हे गवत निदण तर नाही ना?

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमचा गहू निसवलाय. त्यात एक गवत आहे, जे ओंबी येईपर्यंत गव्हातून वेगळं ओळखूच आलं नाही. गुल्ली-दंडा हे गव्हातलं नेहमीचं तण मला ओळखता येतं, हे ते नाही. ओंबी बारीक, चपटी. दाण्यांचे झुबके दांड्याला कडेने टेकलेले, गव्हासारखे रुंद बाजूने नाहीत.

मला भीती लोलियम टेम्युलेन्टम या तणाची आहे. बायबलच्या दाखल्यात लोक झोपेत असताना वैरी गव्हात निदण पेरून जातो आणि मालक कापणीपर्यंत ते उपटू देत नाही, ते निदण हेच मानतात. दाण्यात वाढणाऱ्या बुरशीमुळे ते विषारी होतं म्हणे. पिठात गेलं तर चक्कर, थरथर, अंधुक दिसणं, अगदी दारू चढल्यासारखं. दाणा जवळपास गव्हाएवढा, त्यामुळे चाळणीने वेगळा होत नाही.

नाशिककडे कुणी हे पाहिलंय का? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नुसती ओंबी चालेल की झाड मुळासकट न्यावं? दाणे पिकून गळण्याआधी ओंब्या खुडून जाळल्या तर पुढच्या रब्बीला फरक पडेल का? घरात लहान मुलं आहेत, खात्री होईपर्यंत या वावरातला गहू गिरणीत नेणार नाही. जाणकारांनी कृपया लवकर सांगा.