एन्क्रिप्शन: सांकेतिकीकरण, गुप्तलेखन की कूटलेखन?

प्रश्न : आमच्या कचेरीतल्या संगणकांवर ॲडमिन हक्क (स्वतः प्रोग्रॅम बसवायची मुभा) नसतात. आयटी विभागाच्या संमतीने ईमॅक्स या एडिटरमध्ये टिपणं एन्क्रिप्ट करून ठेवायची सोय झाली आहे. ती कशी वापरायची हे सहकाऱ्यांसाठी मराठीत लिहितो आहे. एन्क्रिप्शनला 'सांकेतिकीकरण' चालेल का?

प्रतिसाद : कृपया नको. संकेत सर्वांना ठाऊक असतो. अक्षरं साठवायची यूटीएफ-८ पद्धत हे संकेतन (एन्कोडिंग), फाइल साध्या अक्षरांत मांडायची बेस६४ पद्धत हेही संकेतनच. ते उलगडायला कसलंच गुपित लागत नाही. तुमचं टिपण वाचून कुणी एडिटरच्या 'एन्कोडिंग' मेनूत जाईल, काहीतरी बदलेल आणि फाइल सुरक्षित झाली असं समजेल. शब्दाच्या चुकीने खरं नुकसान होतं ते इथे. 'कूटलेखन' घ्या. क्रियापद 'कूटबद्ध करणे', उलट क्रिया 'उकलणे'. कूटप्रश्नही आपण उकलतोच.

प्रतिसाद : पण 'कूट'ला कपटाचा वास आहे. कूटनीती, कूटकारस्थान. कचेरीच्या कागदात 'गुप्तलेखन' बरं नाही का दिसणार?

प्रतिसाद : गुप्त म्हणजे लपवलेलं. अदृश्य शाईचं पत्र गुप्तलेखन म्हणता येईल. इथे फाइल सर्वांसमोर असते, नाव दिसतं, शेवटचं 'डॉट जीपीजी' दिसतं. आतला मजकूर तेवढा किल्लीवाचून कळत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांच्या संदर्भात 'संज्ञालिपी' आणि 'गूढलेख्य' असे दोन शब्द येतात. 'गूढ' मला आवडतो, पण 'गूढबद्ध' जिभेवर बसत नाही. म्हणून कूटच.

आणि 'की'ला किल्ली म्हणा, कळ नको. कळ कीबोर्डावर असते. पासवर्ड हा परवलीचा शब्द, तर पासफ्रेज हे परवलीचं वाक्य.

वाक्यरचनाही महत्त्वाची. 'ईमॅक्सचं एन्क्रिप्शन चालू करा' असं लिहिलंत तर लोक सेटिंगमध्ये शोधत बसतील. ईझीपीजी ही कूटलेखनाची जोडणी ईमॅक्सच्या २३व्या आवृत्तीपासून आतच आहे, पण प्रत्यक्ष काम जीएनयूपीजी (थोडक्यात जीपीजी) हा वेगळा प्रोग्रॅम करतो, आणि विंडोजवर तो वेगळा बसवावा लागतो. गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) आधीच मंजूर असेल तर विंडोजच्या गिटसोबत जीपीजी येतं. तेच वापरायचं का, हे आयटीला विचारा. मराठीत प्रयोजक रचना हाताशी आहे : 'ईमॅक्स जीपीजीकडून फाइल कूटबद्ध करून घेतो.' कोण काय करतं ते एका वाक्यात आलं. विम या दुसऱ्या एडिटरमध्ये मात्र 'विम फाइल कूटबद्ध करतो' हेच बरोबर, कारण तिथे ती सोय स्वतःची आहे. तिथली कूटलेखनाची जुनी 'झिप' पद्धत कच्ची आहे, हे आवर्जून लिहा. विमपासून निघालेल्या निओव्हिममधून कूटलेखनाची सोयच काढून टाकली आहे.

प्रश्नकर्ता : आभार. 'रिस्ट्रिक्टेड' संगणकाला 'निर्बंधित' लिहू?

प्रतिसाद : 'ॲडमिन हक्क नसलेला संगणक' लिहा. कुठली अडचण आहे ते लगेच कळतं.