'उतरंड' गावंढळ? मग 'पदानुक्रम' कुणाचा?

माळरान:
काल 'शुद्धमती' यांनी लिहिलं, की हायरार्कीला, म्हणजे एकावर एक अशा अधिकाराच्या रचनेला, 'उतरंड' म्हणणं गावंढळ आहे, शब्दाला निंदेचा वास येतो, तेव्हा सगळीकडे 'पदानुक्रम' लिहावं. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या आजीच्या माजघरात उतरंड होती. तळाला पोटाळ डेरा, त्यावर मडकी, लहान लहान होत शेवटी बोळकं. डेऱ्यात ज्वारी, मधे डाळी, वर राखेत घोळवलेलं बियाणं. तळाची ज्वारी काढायची तर वरचं सगळं आधी खाली घ्यावं लागे. हे ज्यानं पाहिलंय त्याला 'जातीची उतरंड' समजावून सांगावी लागत नाही. कुणाच्या डोक्यावर कोण आणि भार कुणावर, हे शब्दातच दिसतं. 'पदानुक्रम'मध्ये नुसता क्रम आहे, ओझं नाही.

शब्द मवाळ करा असं सांगणारे नवीन नाहीत. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळाला त्यांच्या अधिवेशनासाठी बाबासाहेबांनी लिहिलेल्या भाषणातला काही मजकूर खटकला. बाबासाहेब स्वल्पविरामही बदलायला तयार झाले नाहीत. अधिवेशन बारगळलं, भाषण त्यांनी स्वतः छापलं. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे आणि तीही एकावर एक रचलेली, हे त्यातच आहे. याला पदानुक्रम म्हणायचं?

शुद्धमती:
जातीबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मी कार्यालयीन मराठीबद्दल बोलत होते. आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत कुणीतरी 'संस्थेची उतरंड' लिहिलं आणि शिपायापासून लेखापालापर्यंत सगळे दुखावले. लोकप्रशासनाच्या पुस्तकांत 'पदसोपान' आहे. सोपान म्हणजे जिना. आजचा लिपिक उद्या अधिकारी होतो. बोळक्याचा डेरा कधी होतो का? शिवाय उतरंडीत मोठं मडकं तळाला असतं, कार्यालयात मोठा साहेब वर. तुमची उपमाच उलटी आहे.

कोतवाल:
जिना म्हणे! मी तेवीस वर्षं एकाच टेबलावर लिपिक आहे. ज्येष्ठता यादी दोनदा लागली, दोनदा हरकती आल्या, दोनदा स्थगित. माझ्यामागून आलेले पुढे गेले. बोळक्याचा डेरा होत नाही म्हणता ना? मग आमच्या कार्यालयाला उतरंडच म्हणा. कुणी दुखावलं जाणार नाही, उलट हायसं वाटेल.

चुलीपाशी:
शब्दाचं बघा तुमचं तुम्ही, पण माळरान, बियाणं वर? वरचं बोळकं रोज हाताशी येतं, त्यात हळद-मीठ नाहीतर मोहरी. वर्षाचं बियाणं रोजच्या हाताखाली कोण ठेवतं? आमच्या खानदेशातल्या घरी ते मधल्या मडक्यात असायचं, तोंड शेणमातीनं लिंपलेलं. पेरणीपर्यंत फोडायचं नाही. तुम्ही पुरुष मंडळींनी उतरंड लांबून पाहिलीत. आईबरोबर ती मी उतरवली आहे, कमरेला पदर खोचून, एकेक मडकं चुंबळीवर ठेवत.

माळरान:
मी लांबून पाहिलं हे तुम्ही कशावरून ठरवलंत? आजीच्या हाताखाली पाच वर्षं होतो. आमच्याकडे वरच ठेवत. उंदीर खालून लागतात.

चुलीपाशी:
उंदराला वर-खाली सारखंच! राख कशाला घालतात मग? किड्यासाठी. आणि 'उतरंडीला नसेना दाणा, पण दादला असावा पाटील राणा' ही म्हण ऐकली असेलच. मानपान हवा म्हणून रिकामी उतरंड चालवून घेणारीला बोललेली आहे ती. उतरंड म्हणजे आधी घरातला दाणा, मग तुमची जात नि कार्यालय. तळाच्या मडक्यात आई पैसे पुरून ठेवायची. वडिलांना कधी कळलं नाही, कारण एवढी मडकी उतरवायचे कष्ट त्यांनी कधी घेतलेच नाहीत.

माळरान:
बियाण्याचं तुमच्याकडचं खरं असेल. आमच्याकडचंही खोटं नाही, एवढंच म्हणतो.

शुद्धमतींना मात्र उत्तर देतो. हायरार्की मुळात ग्रीक. 'पवित्र' आणि 'सत्ता' यांचा जोड, ख्रिस्ती लेखनात देवदूतांच्या श्रेणींसाठी आलेला. तो वरून खाली बघणाऱ्याचा शब्द आहे, उतरंड खालून वर बघणाऱ्याचा. मोठं मडकं तळाला म्हणून उपमा उलटी होत नाही. सगळ्यात जास्त माणसं कुठे आहेत आणि कुणाच्या जिवावर वरचे उभे आहेत, तेच ती दाखवते.

शुद्धमती:
हे पटलं, नाइलाजानं का होईना. जातीसाठी 'उतरंड'च ठेवा. आमच्या पुस्तिकेत मी 'पदसोपान' लिहिणार, कारण तिथे जिना असलाच पाहिजे. कोतवाल, तुमच्याकडे तो नाही हा शब्दाचा दोष नव्हे.

चुलीपाशी:
लिहा खुशाल. 'गावंढळ' तेवढं मागे घ्या.

शुद्धमती:
घेतलं.