पावसात गिटारची सॅडल घासू नका
पावसाळ्यात गिटारच्या तारा उंच झाल्या की सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती छोटी पट्टी, घासून खाली आणावी, असं काहीजण सुचवतात. कृपा करून तसं करू नका. आमच्या म्हापशात जुलैत आर्द्रता सहज ८५ टक्क्यांच्या वर जाते, गिटारला मानवते ४५ ते ५५. लाकूड फुगतं, ब्रिजमागे (तारा बांधतात त्या लाकडी तुकड्यामागे) गिटारच्या वरच्या फळीला पोट येतं आणि तारा उचलल्या जातात. सॅडलचा त्यात काहीच दोष नसतो.

माझ्याकडे आलेल्या एका सॉलिड स्प्रूसच्या (अखंड स्प्रूस लाकडाची फळी असलेल्या) गिटारची हाडाची सॅडल चतुर्थीआधी कुणीतरी घासली होती. जानेवारीत फळी खाली बसली आणि सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार जवळजवळ प्रत्येक फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) खरखरायला लागली. सॅडल नवीच कोरावी लागली. त्यापेक्षा गिटार आठवडाभर सिलिका जेलच्या पुड्या घालून पेटीत बंद ठेवा, मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा. सहावी तार २.५ मिमीच्या आत आली तर कानस उचलूच नका.