आरोग्य तपासणीनंतर मुलगी वर्गात एकटी पडली आहे, काय करावे?

प्रश्न – शिक्षिका, सोलापूर (पूर्व भाग)
आमच्या शाळेत वार्षिक आरोग्य तपासणी वर्गातच, सर्वांच्या देखत होते. वजने मोठ्याने सांगितली जातात आणि ज्यांना पुढील उपचारांसाठी पाठवायचे त्यांची नावे वाचून दाखवली जातात. यंदा सहावीतील एका मुलीला खरूज निघाली. दुसऱ्या दिवसापासून खिचडीच्या पंगतीत तिच्याशेजारी कोणी बसेना, आणि तिला वेगळ्या बाकावर बसवावे, असा निरोप दोन पालकांनी पाठवला. तपासणी तर हवीच. पण तिच्यामुळे मूल असे वाळीत पडत असेल, तर शाळेने काय करावे?

उत्तर – वैद्यकीय अधिकारी
वेगळा बाक मुळीच नको. खरूज मुख्यतः त्वचेच्या दीर्घ स्पर्शाने पसरते, पंगतीला शेजारी बसल्याने सहसा नाही. डॉक्टरांनी दिलेले मलम घरातील सर्वांनी एकाच वेळी लावणे महत्त्वाचे, कारण एकटीवर उपचार केल्यास ती घरातूनच पुन्हा होते. पहिला उपचार झाला की मूल शाळेत येऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, आणि त्याचा उद्देश आजार लवकर ओळखून उपचारांपर्यंत पोहोचवणे हा आहे. त्यासाठी नावे जाहीर करण्याची काहीच गरज नसते.

उत्तर – पालक
आमच्या भागात अनेक घरांत तेलुगू बोलतात आणि शाळेची चिठ्ठी मात्र मराठीत येते. विड्या वळणारी आई ती शेजारणीकडून वाचून घेते, म्हणजे संध्याकाळपर्यंत साऱ्या चाळीला कळते. चिठ्ठी धाडण्यापेक्षा आईला बोलावून, शक्य तर तेलुगू येणाऱ्या बाईंकडून, समजावून सांगावे.

उत्तर – निवृत्त मुख्याध्यापक
जंतनाशक गोळी किंवा दर आठवड्याची लोहाची गोळी यांवरून कोणी कोणाला हिणवल्याचे मी पाहिले नाही, कारण त्या सगळ्यांनाच देतात. निवड सुरू झाली की बोटे रोखली जातात. म्हणून तपासणीच्या दिवशी प्रत्येकाला एकेक करून वेगळ्या खोलीत बोलवावे आणि प्रत्येकाच्याच हाती बंद लिफाफा द्यावा, मग त्यात काही असो वा नसो. गळीत हंगामात कारखान्यावर आलेली ऊसतोड मजुरांची मुले कित्येकदा कोणत्याच पटावर नसतात, तेव्हा त्यांचे तर नावही पुकारले जात नाही. तो प्रश्न वेगळा, पण विसरू नये.

शिक्षिका
लिफाफ्यांची सूचना पुढील तपासणीआधी मुख्याध्यापकांपुढे ठेवते. मुलीच्या आईला उद्याच बोलावले आहे. निरोप पाठवणाऱ्या पालकांशी मात्र मी बोलावे की मुख्याध्यापकांनी, हे अद्याप ठरलेले नाही.