टाकी मोठी असली तरी...
माशांची टाकी मोठी घेतली की सिक्लिड गटातले भांडखोर मासे आपोआप शांत होतात, हे या चर्चेत वर आलेलं मत मला अर्धंच पटतं. नुसते लिटर मोजण्यापेक्षा तळाची लांबी-रुंदी बघा. यातला ऑस्कर सहज ३० सेंटीमीटरच्या आसपास जातो. उंच पण अरुंद टाकीत त्याला धड वळता येत नाही, मग मार खाणाऱ्याने पळायचं कुठे? त्यात जोडी जमून अंडी घातली गेली की चार फुटी टाकीतही बाकीचे मासे कोपऱ्यात, वरच्या पाण्यात दबून राहतात. तेव्हा मध्ये जाळीचा आडपडदा टाकावाच लागतो.

नवा मासा सोडायचा कसा, हे मात्र अजून कुणी लिहिलेलं नाही. जुना मासा भांडतो तो बहुतेक वेळा जागेसाठी, आणि जागा ओळखतो दगड-ओंडक्यांच्या खुणांवरून. म्हणून आधी सगळी मांडणी बदलायची, दिवा बंद करायचा आणि मग नवा मासा सोडायचा. सगळ्यांनाच हद्द नव्याने आखावी लागते, जुन्याचा माज जरा उतरतो. रेड डेव्हिल या फारच आक्रमक सिक्लिडपुढे ही युक्ती फार टिकत नाही. तो एकटाच बरा. मांडणी बदलताना दगड वाळूवर नको, थेट तळावर पक्के बसवा. हे मासे खालची वाळू उकरतात आणि दगड कलंडून काच तडकू शकते. काचेचा हीटर असेल तर त्याला जाळीचं आवरण घाला किंवा संपमध्ये, म्हणजे फिल्टरसाठी जोडलेल्या वेगळ्या टाकीत, हलवा. चिडलेला सिक्लिड त्यालाही धडका मारतो.