क्लिप ट्यूनरला चार्ज होणारा सेल चालेल का?

प्रश्न (दादर): माझ्या गिटारच्या क्लिप ट्यूनरमधला (तारा सुरात लावायला गिटारला चिमट्यासारखे अडकवायचे यंत्र) सीआर२०३२ हा नाण्यासारखा चपटा सेल दोन महिन्यांतच संपतो. त्याऐवजी त्याच आकाराचा, पुन्हा चार्ज होणारा एलआयआर२०३२ बसवावा का?

उत्तर १: आकार जुळला तरी व्होल्टेज जुळत नाही. सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा असतो, तर एलआयआर२०३२ पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो, आणि ट्यूनरचे सर्किट तेवढ्यासाठी बनवलेले नसेल तर ते बिघडू शकते. शिवाय त्याची क्षमता साध्या सेलच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच असते.

उत्तर २: माझा ट्यूनर लोकलच्या गर्दीत पिशवीतच दाबला जाऊन सुरू होत असे. कडक डबीत ठेवू लागल्यापासून सेल वर्षभर पुरतो.

प्रश्नकर्ता: माझाही पुढच्या कप्प्यातच असतो! आज जुनी चष्म्याची डबी शोधतो.

उत्तर १: संपलेला सेल मात्र लहान मुलांपासून दूर ठेवावा, गिळल्यास काही तासांतच अन्ननलिकेला गंभीर इजा होते.