शेतकऱ्यातला र कीबोर्डवर कसा काढायचा? आणि एकच गाव फिल्टरमध्ये दोनदा का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, आमच्या वाचनालयाच्या सभासदांची यादी गुगल शीटमध्ये घेतोय, अर्धी यादी जुन्या फॉन्टमधली होती ती एका कन्व्हर्टरमधून काढली आणि उरलेली मी स्वतः इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाइप करतोय (शिकतोय अजून, हसू नका). प्रॉब्लेम असा की कऱ्हाड लिहायला गेलं की कर्हाड होतं, रफार डोक्यावर जाऊन बसतो, म्हणून मी सरळ नेटवरून कऱ्हाड कॉपी करून पेस्ट करत सुटलो, दोनशे वेळा तरी केलं असेल. आणि आता फिल्टर लावला तर कऱ्हाड दोनदा दिसतंय!! डोळे फाडून बघितलं, दोन्ही सेम टू सेम. स्पेस वगैरे पण नाहीये शेवटी, ते पहिलंच चेक केलं.

टंकलेखिका_ताई:
दोनशे वेळा पेस्ट, अरे देवा 😂 अहो र ज्या कीवर आहे ना, इंग्रजी जे, तीच शिफ्ट धरून दाबा, खाली टिंब असलेला ऱ येतो. मग डी वरचा हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि मग यू वरचा ह, झालं कऱ्हाड. ऱ्या पाहिजे असेल तर ह च्या जागी य आणि काना. कुऱ्हाड, बिऱ्हाड, गिऱ्हाईक, गुऱ्हाळ सगळं असंच. साधा र घेऊन हलन्त दिला की रफारच होणार, त्यात कॉम्प्युटरची काही चूक नाही, कारण मराठीला दोन्ही लागतात. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आचार्यांना मान द्यायचा आणि आचाऱ्यांना पैसे द्यायचे.
आणि कृपा करून ते शेतक-यांना असं मधे डॅश टाकून लिहू नका कुणी, पूर्वी कितीतरी वेबसाइटवर तसंच दिसायचं, मला वाचतानाच ठेच लागायची.

बिनकामाचा_कोडर:
टाइप करायचं ताईंनी सांगितलंच, आता दोनदा का दिसतं ते बघू. दिसायला एक असले तरी आतून दोन वेगळे शब्द आहेत. एकात ऱ, हलन्त, ह असं आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारा जॉइनर (अक्षरं जोडायचं चिन्ह) आणि मग ह. हा जॉइनरवाला प्रकार युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला नंबर देणारी पद्धत) जुन्या आवृत्तीतला, जुन्या फाइली बिघडू नयेत म्हणून तो अजून चालतो, त्यामुळे स्क्रीनवर अक्षर तेच उमटतं पण शीट कोड बघतं, अक्षर नाही. तुमच्या कन्व्हर्टरने बहुतेक तेच दिलंय.
खात्री करायची तर शेजारच्या कॉलममध्ये लेन फंक्शन लावा, ते चिन्हं मोजतं. नीट कऱ्हाड 6 येईल (क, ऱ, हलन्त, ह, काना, ड), जॉइनरवालं 7. मग सबस्टिट्यूट (एकाच्या जागी दुसरं घालणारं फंक्शन) लावायचं, शोधायचं ते युनिकॅर (नंबरावरून अक्षर देणारं फंक्शन) 2352, 2381, 8205 एकापुढे एक जोडून आणि बदलून टाकायचं ते युनिकॅर 2353 आणि 2381. हाताने फाइंड-रिप्लेस करू नका, न दिसणारी गोष्ट माउसने सिलेक्ट करताना हमखास अर्धी सुटते. स्वानुभव.

नुक्ताचिनी:
एक दुरुस्ती. 7 आलं म्हणजे जॉइनरच असेल असं नाही, काही लोक र काढून त्याला वेगळा नुक्ता (खालचं टिंब) देतात आणि मग हलन्त, त्याचेही 7 च भरतात. नुक्ता 2364 वर आहे, सबस्टिट्यूट लावून झालं आणि तरी 7 दिसले तर 2352, 2364 या जोडीच्या जागी 2353 घाला, नुसता नुक्ता काढला तर परत रफार होईल.
आणि यादीत वकील मंडळी असतील तर ॲड. पण तपासून घ्या, तिथेही हीच भानगड. अ वर वेगळा चंद्र दिलेला अॅ आणि अख्खा ॲ हे दोन वेगळे धरले जातात. अख्खा ॲ युनिकोडमध्ये 2008 साली आला, त्याच्या आधी सगळे जोडूनच लिहायचे, म्हणून जुन्या फाइलीत तो पसरलाय. बऱ्याच इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-1 वर ऍ मिळतो, तो ए वरचा चंद्र, हिंदीवाले वापरतात, आपला नाही. वर्डमध्ये असाल तर 0972 टाइप करून लगेच ऑल्ट-एक्स दाबा, ॲ हजर. 0931 ने ऱ. आकडे मात्र इंग्रजी पाहिजेत, देवनागरी आकड्यांना ते दाद देत नाही.

टंकलेखिका_ताई:
@नुक्ताचिनी हे ऑल्ट-एक्स मला माहीतच नव्हतं, इतकी वर्षं बडवतेय कीबोर्ड!

कृष्णाकाठ:
जमलं!! 212 नोंदी 7 वाल्या निघाल्या, त्यातल्या 3 नुक्तावाल्या, त्या नक्की माझ्याच. पेस्ट करायची सवय हाताला इतकी लागलीय की अजून कंट्रोल-व्ही कडेच बोट जातंय. वकील चार आहेत, दोघे अॅ दोघे ॲ, ते पण केले सरळ.
फिल्टरमध्ये आता कऱ्हाड एकदाच येतंय. त्याच्या खाली कराड आहे, आणि त्याच्याही खाली ताई तुमचं लाडकं क-हाड, डॅशवालं, 9 जण. आता यांना कुठला नंबर लावू?